शोधलेलं लाकूड, न शोधलेलं धुराडं



आजचा लेख थोडा कडू लागेल. गेलं वर्षभर लोहाऱ्यात आणि आसपासच्या गावांत ज्या घरी गेले, तिथल्या स्वयंपाकघरात मान वर करून पाहायची मला सवय लागली आहे. वर जे दिसतं, त्यावर आता गप्प बसवत नाही. छताला काळी जाळी लोंबत असते. पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो, तिथे डांबरासारखा ओघळ वाळलेला असतो. आणि खाली डोळे पुसत कुणीतरी भाकरी थापत असते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, लाकूड झटकून, शोधून चुलीत घालतो. त्याच चुलीचं धुराडं मात्र वर्ष-वर्ष कुणी बघत नाही. ही अहिंसा अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्यात चुलीपुढे बसलेली बाई आहे.

श्रावकाच्या घरातल्या हिंसेच्या पाच जागा आपल्याला लहानपणीच पाठशाळेत सांगितल्या होत्या. उखळ, जातं, चूल, पाण्याची घागर आणि केरसुणी. उखळ गेलं, मिक्सर आला. जातं गेलं, गिरणी आली. चूल मात्र पुरती गेली नाही. 'आमच्याकडे गॅस आहे' असं प्रत्येक घर सांगतं आणि ते खरंही आहे. पण घरात व्रती सासूबाई असल्या की दिवसभराचं पाणी गाळून तापवावं लागतं. तेवढ्यासाठी सिलिंडर जाळायला कुणाला परवडतं? न्हाणीचं पाणी, उन्हाळ्यातल्या कुरडयांचा चीक, ज्वारीच्या भाकरी, पूजा-विधानाच्या दिवशीचं शंभर पानांचं जेवण, सगळं मागच्या अंगणातल्या किंवा पडवीतल्या चुलीवरच होतं. तेव्हा 'चूल कुठे राहिली आता' हे वाक्य आपण एकमेकींना तरी ऐकवू नये.

आपल्या भागात चुलीवरचं छप्परही एका पिढीत बदललं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट घरातली मोठी माणसं अजून विसरलेली नाहीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपलं दशलक्षण पर्व संपलं होतं, गावोगावी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, आणि ज्यांची घरं उभी होती त्यांनीही हळूहळू माळवद उतरवून पत्रा किंवा स्लॅब टाकला. ते योग्यच झालं. पण माळवदात चुलीच्या वर झरोका असायचा, धूर निदान तिथून वाट काढायचा. स्लॅबला झरोका नसतो. आपल्या घराचा स्लॅब पडला तेव्हा 'धूर कुठून जाणार' हा प्रश्न कुणी विचारला होता का, आठवून बघा. नंतर कधीतरी भिंतीला भोक पाडून चार इंची पाइप बसवला, तेच आपलं धुराडं. झरोक्याला साफ करावं लागत नव्हतं, पाइपाला लागतं. हा फरक आपल्याला कुणी सांगितला नाही, आणि आपणही विचारला नाही.

बिनधुराची चूल ही काही कालपरवाची गोष्ट नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल आली. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२मध्ये बंद झाला, तोवर देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. तुमच्यापैकी कित्येकींच्या माहेरी ग्रामपंचायतीकडून आलेली ती दोन भोकांची चूल असेल. आज ती कुठे आहे? बहुतेक घरी पाइप मोडला किंवा बुजला, धूर घरात यायला लागला, 'ही चूलच खराब' म्हणून ती फोडली आणि पुन्हा तीन दगड मांडले.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या खेड्यांत धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांची काही वर्षं पाहणी केली. यातल्या डुफ्लोंना २०१९चं नोबेल मिळालं. पाहणीत असं दिसलं की पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढच्या वर्षांत तो फायदा उरला नाही. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची देखभाल झाली नाही. म्हणजे चूल देणारे आले, फोटो काढून गेले, आणि धुराडं साफ करायला कुणीच उरलं नाही. माझा राग याच जागेवर आहे. वस्तू आणणं हे पुण्य, आणि ती राखणं हे बायकांचं क्षुल्लक काम, ही समजूत आपल्या समाजातही तितकीच घट्ट आहे.

आता धर्माचं बोलते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी आधी प्रमाद धरला आहे, घात त्याच्या मागून येतो. जीव मेला का, एवढंच तिथे विचारलेलं नाही. तू सावध होतीस का, हेही विचारलं आहे. मुनिमहाराज बसण्याआधी पिंछीने जागा मार्जन करतात. कमंडलू उचलताना आणि ठेवताना बघून उचलतात, बघून ठेवतात. ही समिती आपण प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन न बघितलेल्या पाइपाखाली जाळ घालतो. बुजलेलं धुराडं हा नुसता आळस नाही, तो प्रमाद आहे. त्यात डोळे जातात, छाती जाते, आणि एखाद्या दिवशी जीवही जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२०मध्ये जगभर सुमारे ३२ लाख माणसं घरातल्या धुराच्या प्रदूषणाने मेली. त्यांत पाच वर्षांखालची लेकरंही होती, कारण लेकरू आईच्या मांडीवर असतं आणि आई चुलीपुढे.

यावर मला जी उत्तरं मिळाली, ती एकेक करून घेते.

पहिलं उत्तर: 'आमच्या सासूबाईंनी याच धुरात जन्म काढला.' काढला, खरं आहे. पण त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांतला खोकला कुणी मोजला? मोतीबिंदू लवकर आला तेव्हा तो वयावर ढकलला. कधी विडीला हात न लावलेल्या बाईला दम्याचा पंप लागला तेव्हा 'थंडी बाधली' म्हटलं. सोसलेलं सगळं पथ्यकर असतं असं नाही. परीषह हे मुनींनी समजून-उमजून स्वीकारलेलं तप आहे. सुनेला न विचारता तिच्या नाकात भरलेला धूर हे तप होत नाही.

दुसरं उत्तर मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण ते धर्माच्या नावाने आलं. 'धुराड्यात कोळी असतात, किडे असतात, कधी चिमणीचं घरटं असतं. साफ करायला गेलं की जीव मरतात, म्हणून आम्ही हात लावत नाही.' ताई, तुम्ही हात लावत नाही, पण जाळ लावता! न बघितलेल्या पाइपात जे जीव घर करून राहिले, त्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? जीवदया करायची तर जागा अशी स्वच्छ ठेवायची की जीव तिथे वसतीलाच नाहीत. धान्याच्या डब्यात अळ्या झाल्यावर आपण हळहळतो, म्हणून तर होण्याआधीच निवडतो, ऊन देतो. धुराड्याचा न्याय वेगळा कशाला? शिवाय अग्निकाय आणि वायुकाय जीवांचा विचार करणाऱ्या आपण. चूल नीट ओढली तर लाकूड पुरतं जळतं, कमी लागतं, फुंकणीने फुंकत बसावं लागत नाही. स्वच्छ धुराड्यात आरंभ कमी होतो, वाढत नाही.

काही घरी तर याहून भयंकर रीत पाहिली. धुराडं बुजलं की खालून कडबा किंवा कागदाचा मोठा जाळ करून आतली काजळी 'जाळून टाकतात'. यात आतले जीव जिवंत जळतात आणि घरही पणाला लागतं. ही रीत आजच्या आज बंद करा.

तिसरं उत्तर: 'ते पुरुषांचं काम, त्यांना सांगितलंय.' सांगून किती पौर्णिमा झाल्या? मला यात पुरुष-बाई करायचं नाही. छतावर चढायला ज्याचे पाय धड आहेत त्याने चढावं. पण भाकरी सगळ्यांनी खायची आणि धुराडं कुणाचंच नाही, हे चालणार नाही. ज्या घरात मुलगा पाण्याच्या टाकीची तोटी बदलायला छतावर जातो, त्या घरात तो दोन हात पलीकडच्या पाइपापर्यंतही जाऊ शकतो.

चौथं उत्तर: 'मग चूलच बंद करू.' करा की! याहून चांगलं काहीच नाही. ज्यांना गॅसवर किंवा विजेच्या शेगडीवर सगळं भागवता येतं, त्यांनी खुशाल भागवावं. चूल टिकलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण जोवर ती पेटते आहे, तोवर तिचं धुराडं उघडं आणि स्वच्छ असलंच पाहिजे.

आता कसं करायचं ते सांगते, नाहीतर नुसतं रागावून काय उपयोग.

आधी हे समजून घ्या की धुराड्यात दोन प्रकारचा थर बसतो. एक भुरभुरीत काजळी. दुसरा चिकट, चकचकीत, डांबरासारखा. ओलं लाकूड धुमसत ठेवलं की धुरातला चीक गार पाइपाला लागून हा दुसरा थर बनतो. तो पेट घेतो. एकदा पेटला की पाइपात हजार अंशांच्या आसपास उष्णता होते, पाइप तडकतो आणि वर लाकडी तुळई, पाचटाचं छप्पर किंवा शेजारी कडब्याची गंजी असेल तर पुढचं सांगायला नको. म्हणून लाकूड वर्षभर आधी तोडून, पावसापासून झाकून वाळवलेलं वापरा. तुराट्या आणि पऱ्हाट्या पेटायला चांगल्या, पण दमट असतील तर धूरच धूर. प्लॅस्टिक, दुधाच्या पिशव्या, रंग दिलेलं लाकूड चुलीत कधीच नको.

साफ कधी करायचं? रोजची चूल असेल तर पंधरा दिवसांतून एकदा आत बघायचं. चतुर्दशीला आपण आरंभ टाळतो, म्हणून मी तेरस धरली आहे. दर तेरसीला, सकाळी चूल पेटवण्याआधी. आपल्याकडे सूर्यास्तानंतर स्वयंपाक नसतो, त्यामुळे रात्रभरात चूल चांगली निवते. तरी राखेत हात घालून खात्री करू नका, राखेखाली निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. आधी पळीने राख सारून बघा. आतला थर हरभऱ्याच्या डाळीएवढा जाड, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर दिसला, तर साफ केल्याशिवाय चूल पेटवायची नाही. चिकट थर असेल तर जाडी बघत बसू नका, तो काढायचाच.

कामाला लागण्याआधी स्वयंपाकघरातली भांडी, पीठ, पाणी बाहेर न्या किंवा झाकून ठेवा. नाकातोंडाला चांगला मास्क लावा, नुसता पदर पुरत नाही. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. काजळी अंगाला लागली तर काय होतं, म्हणाल. लंडनमध्ये लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना पुढे कर्करोग होतो आणि तो काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५मध्येच दाखवलं होतं. काम झालं की साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा. आणि ही काजळी भांडी घासायला वापरू नका.

पाइपावर हाताने तीन-चारदा हलकेच ठोका आणि पाच मिनिटं थांबा. आत जीव असेल तर त्याला निघायला वेळ मिळतो. मग खालून टॉर्च आणि छोटा आरसा धरून वर बघा, आभाळ दिसलं पाहिजे. घरटं दिसलं आणि त्यात अंडी किंवा पिल्लं असली, तर महिनाभर ती चूल बंद. तेवढे दिवस गॅसवर करा. पिल्लं उडून गेली की घरटं काढा आणि वर टोपी बसवा. टोपीला जाळी लावायची तर भोकं बोटभर मोठी ठेवा, बारीक जाळी काजळीने लवकर बुजते.

घासायला काथ्याचा गोल ब्रश लांब बांबूला घट्ट बांधा. तो नसेल तर दोरीच्या मध्यावर गोणपाटाचा गोळा आणि खालच्या टोकाला लहानसं वजन बांधून पाइपातून वर-खाली ओढा. चुलीचं तोंड आणि दुसरं भोक ओल्या गोणपाटाने बंद करा, म्हणजे काजळी घरात उडणार नाही. पाइपाला खाली कोपऱ्यात झाकण असेल तर खालूनच काम भागतं, वर चढायलाच नको. नवीन पाइप बसवणार असाल तर मिस्त्रीकडून असं झाकण आधी मागून घ्या.

वर चढणं भागच असेल तर शिडी धरायला माणूस हवं, पाय कोरडे हवेत. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका, तो वरून भक्कम दिसतो आणि एकदम फुटतो. आणि छतावर जाण्याआधी विजेच्या तारा बघा. आपल्या गल्ल्यांत त्या किती खाली आलेल्या असतात, माहीत आहे. ओला बांबू किंवा लोखंडी गज तारेला लागला तर धुराड्याचं काम आयुष्यातलं शेवटचं ठरेल.

अजून एक सावधगिरी. जुन्या सरकारी चुलींना बसवलेले राखाडी पाइप पुष्कळदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असतात. त्याची धूळ फुप्फुसाला अतिशय घातक आहे. असा पाइप कोरडा खरवडू नका, करवतीने कापू नका, फोडू नका. आतली काजळी मऊ कापडाच्या गोळ्याने, आधी पाणी शिंपडूनच काढा. पाइपाला चीर गेली असेल तर तो ओला करून अख्खा उतरवा आणि पत्र्याचा नवा बसवा.

निघालेली काजळी आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा, पाणी शिंपडा आणि गार झाल्यावरच खड्ड्यात टाका. गरम राख उकिरड्यावर किंवा गंजीजवळ ओतून आगी लागतात. सगळं झाल्यावर चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर धुराडं मोकळं आहे. बाहेर आला तर अजून कुठेतरी अडलंय, चूल पेटवू नका.

बुजलेल्या धुराड्याचा आणखी एक धोका दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी जवळ घेऊन झोपणं, किंवा बंद न्हाणीघरात बंब पेटवणं, यात तो साठतो. डोकं जड होणं, मळमळणं, चक्कर येणं, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच तसं होणं ही त्याची खूण. लगेच सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावं आणि दवाखाना गाठावा. आणि धुराड्यातून कधी घोंघावल्यासारखा आवाज आला, ठिणग्या उडाल्या, पाइप लाल दिसला, तर आत आग लागली आहे असं समजा. जवळ जाता येत असेल तर चुलीचं तोंड लोखंडी पत्र्याने झाकून हवा तोडा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ला फोन करा. वरून पाइपात पाणी ओतू नका. वाफेने पाइप फुटतो आणि आग घरात येते.

हे सगळं घरातल्या चुलीचं झालं. पण माझा खरा राग सार्वजनिक स्वयंपाकघरावर आहे. गेल्या चातुर्मासात एका गावी, गावाचं नाव घेत नाही, मोठ्या भोजनाच्या वेळी मी मागच्या बाजूला गेले. लाकडाच्या दोन भट्ट्या होत्या. पाइप होता, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही होती. पण कबुतरं येऊ नयेत म्हणून पाइपाच्या वरच्या तोंडाला पोतं बांधलेलं, आणि ते पावसाळ्यापासून तसंच. आत चार बायका तोंडाला टॉवेल गुंडाळून पुऱ्या तळत होत्या. त्या आपल्या समाजाच्या नव्हत्या, रोजाने आलेल्या होत्या. व्यवस्थापकांना सांगितलं तर म्हणाले, 'त्यांना सवय असते हो.' बाहेर मंडपात त्याच वेळी अहिंसेवर व्याख्यान चाललं होतं.

सवय कुणालाच नसते. नाइलाज असतो. कबुतराची दया आली ही चांगलीच गोष्ट, पण ती दया बायकांच्या नाकातोंडावरून गेली. पोत्याऐवजी एक टोपी बसवली असती तर कबुतरही वाचलं असतं आणि बायकाही. आपली करुणा एकेंद्रियापासून सुरू होते, याचा मला अभिमान आहे. पण ती पंचेंद्रियापर्यंत पोहोचता पोहोचता दमते, आणि ते पंचेंद्रिय गरीब असेल तर पोहोचतच नाही. असं असेल तर आपण अहिंसा पाळतो आहोत की फक्त शोध पाळतो आहोत?

म्हणून माझी प्रत्येक महिला मंडळाला मागणी आहे. मंदिराच्या भोजनगृहाची भट्टी पेटण्याआधी धुराडं बघितलं का, हा प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारा. उत्तर 'बघू' असं आलं तर लाकूड शोधायला बसू नका, आधी पाइप उघडा म्हणा. चुलीजवळ राबणाऱ्या बायकांना मास्क आणि आलटून-पालटून विश्रांती, ही मेहेरबानी म्हणून नाही, आपल्या व्रताचा भाग म्हणून द्या. देणगी पाइपाला मिळते, ब्रशाला आणि साफ करणाऱ्याच्या मजुरीला मिळत नाही. यंदा तीही लिहून घ्या. मजुरी द्यायची तर पूर्ण द्या, आणि त्या माणसालाही मास्क आणि हातमोजे द्या, नाहीतर आपल्या नाकातली काजळी फक्त दुसऱ्याच्या नाकात गेली, एवढंच होईल.

आणि घरात, येत्या तेरसीला, चूल पेटवण्याआधी टॉर्च घेऊन वर बघा. आभाळ दिसतंय का ते मला कळवा. नसेल दिसत, तर कुणी काय म्हणेल याची वाट न बघता त्या दिवशी भाकरी गॅसवर टाका आणि दुपारपर्यंत धुराडं मोकळं करून घ्या.

जय जिनेंद्र.